चिडचिड होते तेव्हा 'आनंद करा' ही आज्ञा नक्की पाळायची कशी?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढते, लांबलचक झालाय, सांभाळून घ्या.

आधीच सांगते, हा मोठ्या दुःखांबद्दलचा धागा नाहीये. कोणी गेलं, आजार निघाला, नोकरी सुटली तर मंडळीतले (चर्चमधले) लोक धावून येतात, पाळक साहेब (आमचे धर्मगुरू) घरी येतात, आपल्यालाही गुडघे टेकायचं सुचतं. माझा प्रश्न त्याच्या खूप खालच्या थरातला आहे. घाईत असताना किल्ली सापडत नाही. कस्टमर केअरवाला होल्डवर ठेवून ठेवून शेवटी फोन कट करतो. मुलं नेमकी आपण मीटिंगमधे असताना भांडतात. घरातलं माणूस सांगितलेलं काम विसरतं ते विसरतंच आणि वर 'तू सांगितलंच नव्हतंस' म्हणतं. अशा वेळी कोण प्रार्थना करतं हो? देवाला एवढ्याशासाठी काय त्रास द्यायचा असं वाटतं आणि मग ही सगळी एवढीशी प्रकरणं मिळून अख्खा दिवस खाऊन टाकतात.

बायबलमधे आनंद नुसती देणगी म्हणून नाही तर चक्क आज्ञा म्हणून येतो. फिलिप्पैकरांस पत्र 4:4, "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा." येशूचा प्रेषित पौल हे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला कैदेतून लिहितोय हे आपण रविवारच्या उपदेशात इतक्यांदा ऐकलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. पण त्याच्या अगदी वरची दोन वचनं बघा ना. युवदीया आणि सुंतुखे या दोन बायका, दोघीही सुवार्तेच्या म्हणजे येशूचा संदेश सांगण्याच्या कामात पौलाबरोबर झटलेल्या, आणि आता दोघींचं एकमेकींशी पटत नाहीये. पौल नाव घेऊन विनवतो की बायांनो एकमताच्या व्हा. ही पत्रं मंडळीपुढे मोठ्याने वाचून दाखवायची असत, म्हणजे विचार करा दोघींचं काय झालं असेल! आणि त्याला लागूनच ही आनंदाची आज्ञा. तुरुंग वगैरे जाऊ द्या, ही आज्ञा आलीये ती दोन सहकाऱ्यांच्या कुरबुरीच्या शेजारी. पहिल्या अध्यायात तर काही लोक पौलाला खिजवायला म्हणून, हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतायत, आणि हा म्हणतो त्याचं काय एवढं, ख्रिस्ताची घोषणा होतेय ना, मग मी आनंदच करणार.

मला वाटतं आनंद हा मूड असता तर त्याची आज्ञाच देता आली नसती. आज्ञा कृतीला देता येते. म्हणजे देवाने आजवर काय केलं ते आठवणं, आभार मानणं, तोंड उघडून स्तुती करणं, निदान समोरच्याला टोचून न बोलणं. भावना मागून आली तर आली, नाही आली तर तिच्यासाठी थांबायचं नाही.

पण हे लिहायला सोपं आहे. तुम्ही त्या नेमक्या क्षणाला काय करता ते सांगा.

चष्मा_कुठाय
मी त्या नेमक्या क्षणाला चष्मा शोधत असतो, आणि तो डोक्यावरच असतो. आनंद आपोआप होतो. बायकोला.

विनोद जाऊ दे. या विषयावर योनाचा चौथा अध्याय वाचाच असं सुचवेन. योना हा देवाचा संदेष्टा, त्याला गिळणारा मासा सगळ्यांना माहीत असतो पण शेवटी काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. ज्या निनवे शहराला नाशाचा इशारा द्यायला देवाने पाठवलं ते वाचलं म्हणून स्वारी रुसून शहराबाहेर जाऊन बसलीये. देव त्याच्यावर सावलीसाठी एक झुडूप उगवतो, योना एकदम खूश. अख्ख्या पुस्तकात हा माणूस खूश झाल्याचं एवढं एकदाच लिहिलंय बरं का, लाख माणसं वाचली तेव्हा नाही, झुडपामुळे! दुसऱ्या दिवशी पहाटे एक किडा झुडपाला लागतो, ते सुकतं, वर ऊन आणि झळा, आणि योना म्हणतो की मेलेलं बरं. देव विचारतो, झुडपावरून तुझं हे रागावणं बरोबर आहे का? हा म्हणतो, हो बरोबर आहे, मरेपर्यंत रागावणं बरोबर आहे.

एसी बंद पडल्यावर मी हेच बोलतो, फक्त इतकं साहित्यिक नाही.

देव त्याला ओरडत नाही हे मला फार आवडतं. प्रश्न विचारतो, आणि पुस्तक देवाच्या प्रश्नावरच संपतं, योनाचं उत्तर दिलेलंच नाही. देवाला एवढ्याशासाठी काय त्रास द्यायचा म्हणता ना, इथे देव स्वतः एका झुडपावरून गप्पा मारायला आलाय.

रूथची_सासू
आयडीवरून कळलंच असेल, माझी लाडकी व्यक्ती नामी. नवरा आणि दोन्ही मुलं गमावून गावात परत आल्यावर सरळ म्हणाली की मला नामी म्हणू नका, मारा (म्हणजे कडू) म्हणा, सर्वसमर्थाने मला फार क्लेश दिलेत. आणि पवित्र शास्त्रात कुठेही तिला कोणी गप्प केलेलं नाही. असो.

पाऊलवाट, प्रश्नाचं उत्तर देते. माझ्या आईची स्मरणशक्ती गेलीये. ती एकच प्रश्न विचारते, उत्तर दिलं की थोड्या वेळाने पुन्हा तोच, पुन्हा तोच. हे काही मोठं दुःख म्हणून सांगत नाही, मोठं दुःख होतं तेव्हा रडून झालं, आता उरलीये ती रोजची चिडचिड. आणि चिडचिडीची लाज वाटते म्हणून ती कोणाला सांगताही येत नाही, कारण सगळे म्हणतात किती प्रेमाने करता हो आईचं.

तर मी काय करते. दुसऱ्या खोलीत जाते आणि बायबलमधलं स्तोत्र 13 म्हणते. सहाच वचनं आहेत, पाठ होऊन जातात. सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' आहे. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार. देवाशी असं बोललेलं चालतं हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं, आमच्याकडे प्रार्थना म्हणजे आधी भरपूर स्तुती आणि मग हळूच मागणं. आणि त्याच स्तोत्राच्या शेवटी दावीद राजा म्हणतो मी परमेश्वराला गाईन. मधे परिस्थिती बदलल्याचं काही लिहिलेलं नाही हां. 'कोठवर'ला उत्तर मिळालेलं नाही. तरी गाईन म्हणतो. मी ते शेवटचं वचन नुसतं तोंडाने म्हणते, बऱ्याचदा मनात तसं काही नसतं. म्हणून झालं की परत जाते आणि आईला उत्तर देते.

पाऊलवाट
ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. चिडचिडीची लाज वाटते म्हणून ती प्रार्थनेत येतच नाही, हे मला असं मांडता आलं नव्हतं.

नास्तिक_पण_प्रेमळ
ख्रिस्ती नाही आणि आस्तिकही नाही, पण धागा आवडला म्हणून विचारतो, राग मानू नका. यात आणि पॉझिटिव्ह थिंकिंगमधे फरक काय? परिस्थिती बदलत नाही, आपला प्रतिसाद आपल्या हातात आहे, हे तर स्टोइक लोक (प्राचीन ग्रीक-रोमी तत्त्वज्ञ) पौलाच्या आधीपासून सांगत होते. मग येशू मधे कशाला हवा?

पाऊलवाट
राग कसला, विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. स्टोइक माणूस जे हातात नाही त्यावर मनःशांती अवलंबून ठेवत नाही, आणि त्यात शहाणपण आहेच. पण पौलाचं तसं दिसत नाही. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत नावाचा त्याचा सोबती मरणाला टेकला होता त्याबद्दल लिहितो, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. त्याला परत पाठवतो म्हणजे माझी काळजी थोडी कमी होईल असंही म्हणतो. हा आनंदाचं पत्र लिहिणारा माणूस! म्हणजे याला काळजीही आहे, दुःखही आहे, आणि आनंद करा हेही खरंय. येशू आपल्या मित्राच्या, लाजरच्या कबरेपाशी रडला, आणि थोड्याच वेळात त्याला उठवणार होता तरी रडला. मग आनंद करायला आधी मन घट्ट करून घ्यावं लागतं असं मला नाही वाटत.

आणि दुसरं. पॉझिटिव्ह थिंकिंग म्हणतं 'होईल सगळं ठीक'. हबक्कूक संदेष्टा आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात नेमकं उलटं धरून चालतो. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतं पिकली नाहीत, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. काहीच ठीक झालं नाही तर काय, याची यादीच केलीये त्याने. त्या 'तरी'ला टेकायला कोणीतरी लागतं. आमच्यासाठी तो येशू. तुमच्यासाठी नसेल, पण फरक विचारलात म्हणून सांगितला.

जुनी_वही
अवांतर: स्टोइकांचा विषय निघालाच आहे तर, स्टोइक तत्त्वज्ञ सेनेका हा पौलाचाच समकालीन, आणि प्रेषितांची कृत्ये अध्याय 18 मधला रोमी अधिकारी गल्लियो, ज्याच्यापुढे पौलाला उभं केलं होतं, तो या सेनेकाचा सख्खा भाऊ. गल्लियोने खटला ऐकायलाच नकार दिला. अवांतर समाप्त.

मधली_सुट्टी
बराच वेळ लिहू की नको करत होते. मला डिप्रेशनचं निदान झालंय, गोळ्या चालू आहेत. 'आनंद निवडा' हे वाक्य ऐकलं की मला खोलीतून बाहेर जावंसं वाटतं. निवडता येत नाही म्हणून तर आजार आहे ना तो. प्रार्थनागटात एकजण म्हणाली, तू विश्वासाने आनंद धर, मग गोळ्या लागणार नाहीत. मी त्या गटात जाणं बंद केलं. धागा वाईट नाही, पण माझ्यासारखी माणसंही वाचत असतात एवढंच.

रूथची_सासू
बाळा, बरं झालं लिहिलंस. नीतिसूत्रे 25:20 त्या बाईंना पाठव. ज्याचं मन जड आहे त्याच्यापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढून घेणं, असं तिथे सरळ लिहिलंय. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच बंद करायच्या नाहीत, कोणी कितीही आध्यात्मिक होऊन सांगितलं तरी.

जुनी_वही
ताईंशी पूर्ण सहमत. मी कॅथलिक आहे, आमच्या बाजूची थोडी भर घालतो.

थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला, चर्चच्या सगळ्यात मोठ्या ईश्वरज्ञान्यांपैकी एक. याने आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात एक अख्खा प्रश्न दुःखावरच्या उपायांना दिलाय. आता वाटेल की उपवास, जप, तपश्चर्या असं काहीतरी सांगेल. त्याचे उपाय काय आहेत माहितीये? कुठलंही सुख देणारी गोष्ट, रडणं, मित्रांची सहानुभूती, सत्याचं चिंतन, आणि शेवटचा उपाय झोप आणि अंघोळ. खरंच. इतका मोठा पंडित शांतपणे सांगतो की झोपा आणि अंघोळ करा, शरीर पूर्ववत झालं की दुःख हलकं होतं. म्हणजे शरीराची काळजी घेणं हा विश्वासातला कमीपणा आहे असं हा एवढा मोठा पंडितही मानत नव्हता, मग गोळ्यांचं का मानावं.

एलीया संदेष्ट्याचंही तेच. 1 राजे अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवून आलेला माणूस रानात झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा जीव घे. देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा म्हणतो. उशाशी भाकर आणि पाण्याचा कुजा. तो खातो आणि परत झोपतो, आणि देवदूत झोपू देतो! दुसऱ्यांदा उठवतो तेव्हा म्हणतो, तुला वाट फार लांबची आहे. देव बोलतो ते सगळं नंतर.

मधली_सुट्टी, मला वाटतं तुमच्या बाबतीत सध्या 'निवड' एवढीच असेल की गोळी वेळेवर घेणं आणि झोपणं. आणि तीही पुरेशी आहे.

मधली_सुट्टी
अंघोळीचं वाचून बऱ्याच दिवसांनी हसू आलं. धन्यवाद.

चष्मा_कुठाय
योनाला झुडूप, एलीयाला झुडूप. हे लोक झुडपाखालीच का खचतात?

कारकून_नंबर_दोन
माझा मुद्दा वेगळा आहे आणि थोडा कडू आहे. मी एका ख्रिस्ती संस्थेत काम करतो, नाव घेणार नाही. पगार वेळेवर होत नाही, ओव्हरटाइम गृहीत धरला जातो, आणि तक्रार केली की वरचे साहेब हात खांद्यावर ठेवून म्हणतात, भाऊ, कुरकुर न करता सर्व काही करा असं वचन आहे, प्रभूमध्ये आनंदी राहा. ते वचनही याच फिलिप्पैच्या पत्रातलंय, 2:14, मी बघितलंय. आता बोला. हा आनंद निवडणं म्हणजे मुकाट्याने सहन करण्याला दिलेलं गोंडस नाव नाही का?

नास्तिक_पण_प्रेमळ
+१. माझ्या मनातला खरा प्रश्न हाच होता.

पाऊलवाट
कारकून दादा, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी प्रेषितांची कृत्ये अध्याय 16 पुन्हा काढून वाचला, कारण त्याच फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सहकारी सीला तुरुंगात होते. आपण नेहमी मध्यरात्रीपर्यंतच वाचतो. फटके खाल्लेत, पाय खोड्यात अडकवलेत, आणि दोघं प्रार्थना करून गातायत, बाकीचे कैदी ऐकतायत, भूकंप होतो, दारं उघडतात, तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा होतो, आमेन, उपदेश संपला.

पण सकाळी काय झालं? अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की त्या माणसांना सोडून द्या. तुरुंगाधिकारीही म्हणाला, आता शांतीने जा. गुपचूप निघून जायची चांगली संधी होती. पौल म्हणाला, नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला उघडपणे फटके मारून तुरुंगात टाकलं आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं. आणि ते आले! घाबरून आले, विनवणी केली, बाहेर आणलं.

रात्री गाणारा आणि सकाळी अडून बसणारा माणूस एकच आहे. रात्री गायला म्हणून सकाळी हक्क सोडला नाही. उलट मला तर वाटतं की रात्री गायला म्हणूनच सकाळी डोकं ठिकाणावर ठेवून बोलू शकला. नावं ठेवणं नाही, शिव्या नाहीत, मुद्दा एकच, नियम मोडलात, येऊन निस्तरा.

तुमच्या साहेबांना 2:14 पाठ असेल तर त्यांना याकोब 5:4 दाखवा. कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानापर्यंत गेलीये. ते मालकांसाठी लिहिलंय, कामगारांना 'आनंदी राहा' म्हणून नाही.

कारकून_नंबर_दोन
हे सकाळचं खरंच कधी कोणी सांगितलं नव्हतं. उपदेश नेहमी बाप्तिस्म्यावर संपतो.

जुनी_वही
पाऊलवाट, जबरदस्त. यावर एक प्रॅक्टिकल गोष्ट सुचवतो, मूळ प्रश्न 'नेमक्या क्षणाला काय' हा होता म्हणून. इग्नेशियस लोयोला, जेज्वीट संघाचा संस्थापक, त्याचा एक नियम आहे की मन उदास, कोरडं झालेलं असताना आधी घेतलेले निर्णय बदलायचे नाहीत. ज्या निश्चयावर आदल्या दिवशी ठाम होतात त्यावरच राहा, कारण अशा वेळी सल्ला देणारा आवाज चांगला नसतो. मी हे राजीनाम्याच्या मेलपासून घरच्या भांडणापर्यंत सगळीकडे वापरतो. रागात असताना मेल लिहायचा, पाठवायचा नाही.

दुसरं म्हणजे रात्रीची उजळणी. दिवस मागे वळून बघायचा, आणि क्रम महत्त्वाचा आहे, आधी आभार आणि मग चुका. उलट केलं की ती उजळणी राहत नाही, स्वतःवरचा खटला होतो.

आणि हो, आगमनकाळाच्या म्हणजे ॲडव्हेंटच्या तिसऱ्या रविवारी आमच्याकडे जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालता येतो, त्या रविवाराचं लॅटिन नाव 'आनंद करा' याच वचनावरून पडलंय. वाट बघण्याचा काळ संपलेला नसतो, ख्रिसमस आलेला नसतो, तरी मधेच हा एक रविवार. लहानपणी मला वाटायचं की फादरांचा झगा धुताना रंग गेला.

नास्तिक_पण_प्रेमळ
रात्रीच्या उजळणीत आभार कोणाचे मानायचे हा माझा प्रॉब्लेम आहे, पण क्रम उलटा केला की खटला होतो हे पटलं. करून बघतो. देव असेल तर समजून घेईल.

चष्मा_कुठाय
समजून घेईल. योनाला घेतलं.

रूथची_सासू
मला एक सांगायचंय, विशेषतः सेवेत असलेल्यांना. लूक अध्याय 10 मधे शिष्य आनंदाने परत येतात की प्रभू, तुझ्या नावाने भुतंही आम्हाला वश होतात. केवढं यश! आणि येशू म्हणतो यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत यात माना. मला हे आधी कठोर वाटायचं, बिचारे एवढे खूश होऊन आलेत. आता आईची शुश्रूषा करताना कळतं. या कामात यश नावाची गोष्ट नाही. ती बरी होणार नाही, आठवणार नाही, कदाचित माझं नावही विसरेल. आनंद जर कामाच्या निकालावर ठेवला असता तर माझ्या वाट्याला काहीच आलं नसतं. पण माझं नाव जिथे लिहिलंय तिथून ते कोणी विसरणार नाहीये. याच अध्यायात पुढे मार्था आहे, येशू घरी आला असताना कामात गुंतून कुरकुरलेली, तिच्यावर मी आज काही बोलणार नाही, मार्थाला सगळेच बोलतात.

मधली_सुट्टी
ताई, तुमचं वाचून स्तोत्र 13 वाचलं. मग पुढे चाळत 88 ला गेले. ते तर अंधारावरच संपतं, शेवटी गाईन वगैरे काही नाही. तसंच ठेवलंय. मला सध्या 88 च जवळचं वाटतंय.

रूथची_सासू
मग 88 च म्हण. तेही प्रार्थनाच आहे, पहिल्याच ओळीत परमेश्वराला हाक आहे. 13 कुठे पळून जात नाही.

कारकून_नंबर_दोन
मंडळी, ठरवलं. तक्रार लेखी देणार, शिवीगाळ नाही, थकलेल्या पगाराच्या तारखा आणि रकमा, बस. मसुदा आज लिहितो, जुनी_वही म्हणतात तसं झोपून उठल्यावर पाठवतो. पौलाचा उल्लेख करावा का?

पाऊलवाट
नको. तारखा पुरे आहेत. आणि एकट्याच्या सहीने देऊ नका, पौलाबरोबर सीलाही होता.

चष्मा_कुठाय
आणि पाठवायच्या आधी चष्मा लावून एकदा वाचा.

कारकून_नंबर_दोन
'कृपया' किती वेळा लिहू?

रूथची_सासू
एकदा.